मुक्कामी गाडी

घाटंजीहून सुटणारी शेवटची गाडी
पारडीला पोचते नऊ वाजून दहाला,
आणि पहाटे सव्वापाचपर्यंत
मग कुणी कुठं जायचं नसतं.
ग्रामपंचायतीच्या ओट्यावर गादी,
तिकिटाचं मशीन उशाशी, रोकड पोटाशी.

मी संगमनेरचा. नवा कंडक्टर.
चार रात्री बिस्किटं खाल्ली.
पाचव्या रात्री कोडापे ड्रायव्हरांनी
सीटखालून स्टोव्ह ओढला,
एक गंज, एक तवा, एक सराटा,
आणि म्हणाले,
"आज तू रांध. मी पायतो."

मला चहासुद्धा येत नव्हता.
म्हणजे उकळता यायचा.

"सांबार आण समोरच्या सिडामबाईकडून."
मी वाटी घेऊन गेलो.
बाईनं वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
परसात गेली
आणि वाटीत उभी करून दिली
मुळासकट कोथिंबिरीची जुडी.
ओट्यावर परतलो तेव्हा अख्खी पारडी हसत होती,
म्हणजे सहा माणसं आणि एक कुत्रं.

त्या रात्री चून केलं.
कांदा लाल झाला, मिरची तडतडली,
पाण्याला उकळी आली,
आणि मी बेसन ओतलं
रेतीचा ट्रक रिकामा करावा तसं.
गाठीच गाठी.
कोडाप्यांनी भाकरीनं एक गाठ उचलली, चावली.
"उद्या थंड्या पाण्यात अदुगर घोळून घेजो.
आजचं आज खाऊ."

मीठ किती?
"पुरते तेवढं."
तिखट किती?
"कोनतं आहे त्याच्यावर. भिवापुरी असन तर भेवून टाकजो."
पाणी?
"बोट बुडवून पाय."
मी हे सगळं वेबिलाच्या मागं लिहून ठेवत होतो.
डेपोतला कारकून वाचून म्हणाला,
"मूठभर चून, चार पाकळ्या लसन...
ह्या सवाऱ्या कुठं उतरल्या?"

वरणफळं मात्र मला जमली.
बेलणं नव्हतं, काचेच्या बाटलीनं पोळी लाटली,
आणि फळं कापली तिकिटाएवढी.
तुरीचं वरण पातळ, खदखदतं,
वर जिऱ्यालसणाची फोडणी.
एकेक सोडायचं.
"मागचा बसल्याबिगर पुढचा चढवू नोको," म्हणाले,
"नाई तं दारातच चिकटतेत सारे."
तरंगून वर आली की गंज उतरवायचा,
वरून कच्चं तेल, आणि तो सांबार,
आता न हसता मागितलेला.

थंडीत त्यांनी गोळाभात शिकवला.
बेसन, तिखट, हळद, तेल, घट्ट मळलेलं,
भात अर्धा शिजला की त्याच्या पोटात गोळे,
वर झाकण, झाकणावर दगड,
आणि तोवर गप्प बसायचं.
हेच मला जड गेलं. मी सारखा झाकण उचलायचो.
"वाफ पळते बे," ते म्हणायचे,
"तिले काय तिकीट लागते?"
मग गोळा फोडून भातात कालवायचा,
हिंगाचं कडकडीत तेल चुर्रकन वर,
आणि पाठीमागून सिडामबाईचं ताक,
रोज न सांगता आलेलं.

सुटीत घरी गेलो. म्हटलं, आज मी करतो.
वाण्याकडे जाऊन सवयीनं सांबार मागितला,
त्यानं मसाल्याचं पाकीट दिलं.
मी दुकानात एकटाच हसलो.
बायकोला सांगितलं तर तिला काहीच गंमत वाटली नाही,
पण फळं तिनं दोनदा घेतली.

पोळ्यानंतर डोळ्यांची तपासणी झाली
आणि कोडाप्यांना गाडीवरून उतरवलं.
आता ते डेपोत टायर मोजतात.
स्टोव्ह सीटखालीच आहे.
नवा ड्रायव्हर लोणारे घरून डबा आणतो,
झोपतो लवकर.

काल रात्री एकट्यासाठी गोळाभात केला,
एकट्यासाठी अंदाज चुकतोच, खूप झाला.
सकाळी साडेसहाला डबा नेऊन त्यांच्यापुढं ठेवला.
टायरांच्या थप्पीवर बसलेले,
झाकण उघडायच्या आधीच म्हणाले,
"लसन करपला."
मी म्हटलं, नाही हो.

करपला होता.